इंग्रजी वाक्प्रचार आणि बाबांची एका दिवसाची रोवणी

हा लेख इंग्रजी वाक्प्रचारांविषयी आहे. परीक्षेसाठी आपण सगळेच ते पाठ करतो. मीही केले होते. पण पाठ केलेला वाक्प्रचार चुकीच्या ठिकाणी वापरला तर काय होते, ते आधी सांगतो. माझ्या त्या पाठांतराची किंमत माझ्या बाबांना मोजावी लागली.

मागच्या वर्षी जुलै महिन्यात मी नववीत होतो. कॅम्पवरून आल्यावर मला ताप आला आणि मी तीन दिवस एमआय रूममध्ये होतो. चौथ्या दिवशी ताप उतरला. तेव्हा ड्यूटीवरच्या सरांनी त्यांच्या फोनवरून घरी निरोप पाठवायची परवानगी दिली. माझे घर गोंदिया जिल्ह्यात, आमगावजवळच्या एका खेड्यात आहे. बाबा धानाची शेती करतात. मी रायपूरला आल्यापासून ते दर सुट्टीत एकच विचारतात, "इंग्रजी किती आली?" त्याच आठवड्यात मी पन्नास वाक्प्रचार पाठ केले होते. बाबांना खूश करावे म्हणून मी इंग्रजीत लिहिले, "आय वॉज अंडर द वेदर. डोन्ट वरी. नाउ आय ॲम आउट ऑफ द वुड्स."

याचा अर्थ सरळ आहे. माझी तब्येत जरा बरी नव्हती, काळजी करू नका, आता धोका टळला आहे.

निरोप पोहोचला तेव्हा संध्याकाळ झाली होती. घरी इंग्रजी वाचणारी एकच, माझी चुलत बहीण. ती तेव्हा आठवीत होती. तिने शब्दकोश काढला आणि एकेक शब्द नीट शोधला. 'अंडर' म्हणजे खाली. 'वेदर' म्हणजे हवामान. 'वुड्स' म्हणजे जंगल. मग तिने बाबांना वाचून दाखवले, "दादा पावसात उघड्यावर होता. काळजी करू नका. आता जंगलातून बाहेर आला आहे."

मी कॅम्पला जाणार हे बाबांना माहीत होते. पोरगा जंगलात हरवला होता, अशीच त्यांची समजूत झाली. त्यांनी उलट फोन केला, पण तोवर सरांची ड्यूटी संपली होती. आईला रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या बांधीत रोवणी होती. पऱ्हे उपटून ठेवलेले होते आणि रोवणीला बायाही सांगून ठेवल्या होत्या. ते सगळे तसेच सोडून बाबा पहाटेच्या गाडीत बसले. आमगावहून रायपूरकडे येताना सालेकसा, दरेकसा ओलांडले की डोंगरगडपर्यंत दाट जंगल लागते. बाबांनी नंतर मला सांगितले की खिडकीतून ते जंगल बघत असताना त्यांच्या मनात काय काय येऊन गेले.

सकाळी गेटवरून निरोप आला. मी धावत गेलो. बाबांच्या पँटला आदल्या दिवशीचा चिखल तसाच होता. मला धडधाकट उभा बघून ते म्हणाले, "जीव भांड्यात पडला रे बाबा!" आणि मग, "कुठं हरवला होता तू?"

माझ्याबरोबर माझा बंकमेट होता. तो जगदलपूरचा. त्याने मला हळूच विचारले, "तुझे पापा कौनसे बर्तन की बात कर रहे हैं?"

त्या एका मिनिटात मला जे कळले ते पन्नास वाक्प्रचार पाठ करूनही कळले नव्हते. बाबांना माझे जंगल कळले नाही आणि माझ्या मित्राला बाबांचे भांडे कळले नाही. चूक दोघांचीही नव्हती. शब्द दोघांनाही समजले होते, अर्थ मात्र शब्दांत नव्हताच.

१. वाक्प्रचार म्हणजे काय?

शब्दांचा नेहमीचा अर्थ बाजूला राहून ज्या शब्दसमूहाला वेगळाच अर्थ रूढ झालेला असतो, त्याला वाक्प्रचार म्हणतात. म्हण आणि वाक्प्रचार यांत फरक आहे. म्हण हे बहुधा पूर्ण वाक्य असते आणि ती जशीच्या तशी वापरली जाते. वाक्प्रचार वाक्यात बसवावा लागतो आणि त्याचे क्रियापद काळाप्रमाणे बदलते. 'जीव भांड्यात पडणे' हा वाक्प्रचार आहे. 'गड आला पण सिंह गेला' ही म्हण आहे. छत्तीसगढीत म्हणींना 'हाना' म्हणतात.

जीव भांड्यात पडणे याला हिंदीत 'जान में जान आना' म्हणतात. इंग्रजीत 'अ लोड ऑफ माय माइंड', म्हणजे मनावरचे ओझे उतरले. मराठीत भांडे, हिंदीत पुन्हा जीवच आणि इंग्रजीत ओझे. भावना एक, चित्रे तीन. म्हणून पहिला नियम असा : वाक्प्रचाराचे भाषांतर शब्दाला शब्द ठेवून करू नका. आधी अर्थ घ्या आणि मग त्या अर्थाचा आपला वाक्प्रचार शोधा. तो सापडला नाही तर साध्या शब्दांत सांगा.

या बाबतीत रायपूरला एक मोठा धडा आहे. माधवराव सप्रे (१८७१-१९२६) हे मराठीभाषक. त्यांनी १९०० साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. समर्थ रामदासांचा 'दासबोध' आणि लोकमान्य टिळकांचा 'गीतारहस्य' हे ग्रंथ त्यांनी हिंदीत आणले. त्यांचे शेवटचे दिवस रायपुरातच गेले आणि इथली एक जुनी शाळा त्यांच्या नावाने ओळखली जाते. मराठी आणि हिंदी या तर शेजारणी. तरीही मराठीतले भांडे हिंदीत तसेच नेता येत नाही. मग इंग्रजीचे काय सांगावे?

दुसरा नियम मी स्वतःसाठी केला आहे. वाक्प्रचार पाठ करण्याआधी तो कुठून आला ते बघायचे. उगम कळला की अर्थ विसरत नाही. आपण कॅडेट असल्यामुळे आपल्याला एक फायदाही आहे. इंग्रजीतले पुष्कळ वाक्प्रचार बंदूक, परेड, जहाज आणि रणांगण यांतून आले आहेत. पुढे तेच घेतो.

२. बंदुकीतून आलेले

फ्लॅश इन द पॅन. जुन्या चकमकीच्या बंदुकीत बाजूला एक छोटी वाटी असे. तिला पॅन म्हणत. तिच्यात थोडी दारू घालत. ठिणगी पडली की ती दारू पेटे आणि तिची आग छिद्रातून आत जाऊन नळीतली मुख्य दारू पेटवी. कधी कधी वाटीतली दारू भकदिशी पेटे, पण आग आत जातच नसे. उजेड पडे, धूर होई आणि गोळी मात्र सुटत नसे. म्हणून क्षणभर चमकून विझणाऱ्या यशाला हे नाव मिळाले. एका सामन्यात शतक आणि नंतर वर्षभर काहीच नाही, तर ते शतक 'फ्लॅश इन द पॅन'. यातला पॅन स्वयंपाकघरातला नाही, हे लक्षात ठेवा.

हँग फायर. घोडा दाबला तरी कधी बार लगेच होत नाही, थोड्या वेळाने होतो. त्यावरून एखादी गोष्ट लांबणीवर टाकणे, निर्णय न घेता अडकवून ठेवणे असा अर्थ आला. मराठीत 'भिजत घोंगडे ठेवणे'.

गो ऑफ हाफ-कॉक्ड. बंदुकीचा घोडा अर्धा ओढून ठेवला की ती सुरक्षित समजली जाई. तशा स्थितीतच बार उडाला तर तो फुकट, वर धोक्याचाही. म्हणून पुरती तयारी नसताना घाईने काही करणे. मराठीत 'उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग'.

लॉक, स्टॉक अँड बॅरल. लॉक म्हणजे बार उडवणारी यंत्रणा, स्टॉक म्हणजे लाकडी दस्ता, बॅरल म्हणजे नळी. तिन्ही मिळून अख्खी बंदूक झाली. म्हणून अर्थ 'सगळेच्या सगळे, काहीही मागे न ठेवता'. कोणी घर सोडून गेला तर मराठीत 'बाडबिस्तरा घेऊन गेला' म्हणतात, तसेच.

बाइट द बुलेट. भूल देण्याचे औषध नव्हते तेव्हा जखमी सैनिक शस्त्रक्रियेच्या वेळी दातांत गोळी धरत, असे सांगतात. अर्थ 'टाळता न येणारे दुःख धीराने सोसणे'. मराठीत 'मन घट्ट करणे' किंवा 'छातीवर दगड ठेवणे'. सहावीत आई-बाबा गेटवरून परत फिरले तेव्हा आपण सगळ्यांनी हेच केले होते, फक्त त्याचे इंग्रजी नाव माहीत नव्हते.

३. परेड ग्राउंडवरून आलेले

हे आपण रोज पायांनी करतो, म्हणून सर्वांत सोपे.

मार्क टाइम. आपला 'कदमताल'. पाय चालतात, पण माणूस जागचा हलत नाही. वाक्प्रचारात अर्थ होतो, 'पुढे न जाता नुसता वेळ काढणे'. मराठीत 'दिवस ढकलणे'.

टो द लाइन. येथे 'टो' म्हणजे पायाचा अंगठा, बोटे. फॉल-इनला आपण रेषेला बुटाची टोके लावून उभे राहतो, तसे. अर्थ 'ठरलेल्या नियमाप्रमाणे, वरच्यांच्या सांगण्याप्रमाणे वागणे'. पुष्कळ जण याचे स्पेलिंग 'गाडी ओढणे' या अर्थाच्या 'टो'प्रमाणे लिहितात. उगम माहीत असेल तर ही चूक होणार नाही, कारण येथे ओढण्यासारखे काहीच नाही.

पास मस्टर. मस्टर म्हणजे सैनिकांना एकत्र उभे करून केलेली मोजणी आणि तपासणी. त्या तपासणीत जो टिकला तो 'पास मस्टर'. मराठीत 'कसोटीला उतरणे'. हा शब्द बाबांना लगेच कळला. रोजगार हमीच्या कामावर हजेरीच्या कागदाला गावातही 'मस्टर' म्हणतात. इंग्रजी शब्द लष्करातून निघून आमच्या बांधापर्यंत आधीच पोहोचला होता!

रँक अँड फाइल. रँक म्हणजे खांद्याला खांदा लावून उभी असलेली आडवी रांग. फाइल म्हणजे एकामागे एक उभी असलेली रांग. या रांगांत उभे राहतात ते साधे सैनिक, अधिकारी नव्हेत. म्हणून कोणत्याही संघटनेतल्या सामान्य सदस्यांना 'रँक अँड फाइल' म्हणतात. यातली 'फाइल' ऑफिसातली नाही.

४. समुद्र आणि रणांगण यांतून आलेले

टर्न अ ब्लाइंड आय. २ एप्रिल १८०१ रोजी कोपनहेगनच्या आरमारी लढाईत वरिष्ठांच्या जहाजावरून माघारीचा झेंडा दाखवला गेला. नेल्सनचा उजवा डोळा १७९४ साली कॉर्सिका बेटावरच्या लढाईत निकामी झाला होता. त्याने दुर्बीण त्याच डोळ्याला लावली आणि आपल्याला काही झेंडा दिसत नाही असे म्हणून लढाई चालू ठेवली, अशी गोष्ट प्रसिद्ध आहे. अर्थ 'दिसत असून न दिसल्यासारखे करणे'. मराठीत यासाठी 'काणाडोळा करणे' हा वाक्प्रचार आहे. नेल्सनचे नावही न ऐकलेल्या आपल्या पूर्वजांना डोळ्याचेच चित्र सुचले, याचे मला फार नवल वाटते.

विथ फ्लाइंग कलर्स. हे ऐकून होळी आठवते, पण येथे 'कलर्स' म्हणजे निशाण. पलटणीला राष्ट्रपतींकडून 'कलर्स' मिळतात, तेच. लढाई जिंकून जहाज परत येई तेव्हा त्याची निशाणे फडकत असत. म्हणून मोठ्या यशाने पार पडणे. मराठीतही आपण झेंड्याचेच नाव घेतो. १७५८ साली मराठी फौजा सिंधू नदीवरच्या अटकेपर्यंत पोहोचल्या. तेव्हापासून मोठा पराक्रम केला की 'अटकेपार झेंडा लावला' म्हणतात. मात्र पेपरला चांगले गुण मिळाले एवढ्यासाठी 'अटकेपार' वापरू नये. ते फार होईल.

मीट वन्स वॉटर्लू. १८ जून १८१५ रोजी आजच्या बेल्जियममधल्या वॉटर्लू येथे नेपोलियनचा शेवटचा पराभव झाला. तोवर जिंकत आलेला माणूस जेथे कायमचा हरतो, ते त्याचे वॉटर्लू. मराठीत 'पानिपत होणे'. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईचे नावच मराठीत दारुण पराभवाचा अर्थ घेऊन बसले.

क्रॉस द रुबिकॉन. इसवी सनापूर्वी ४९ साली ज्युलियस सीझर आपले सैन्य घेऊन रुबिकॉन ही लहानशी नदी ओलांडून इटलीत शिरला. सैन्यासह ती ओलांडायला सेनापतीला बंदी होती. ओलांडली की युद्ध ठरलेले, परत फिरणे नाही. मराठीत 'परतीचे दोर कापणे'. कोंढाण्यावर तानाजी मालुसरे पडल्यावर मावळे मागे फिरू लागले, तेव्हा सूर्याजीने कड्यावरचे दोर कापून टाकले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

पिरिक व्हिक्टरी. पिऱ्हस हा एपिरसचा राजा. इसवी सनापूर्वी २७९ साली अस्क्युलमच्या लढाईत त्याने रोमनांना हरवले. पण त्याची इतकी माणसे मेली की असा आणखी एक विजय मिळाला तर आपण संपलोच, असे तो म्हणाल्याचे सांगतात. म्हणून पराभवाइतकाच महाग पडलेला विजय. याच्या जवळची आपली म्हण 'गड आला पण सिंह गेला'. कोंढाण्याची ती लढाई ४ फेब्रुवारी १६७० ची. पण या दोन्ही अगदी सारख्या नाहीत. पिऱ्हसच्या बोलण्यात हिशेब आहे, किती माणसे गेली आणि किती उरली. आपल्या म्हणीत एका माणसासाठी केलेला शोक आहे. म्हणून भाषांतर करताना एकीच्या जागी दुसरी डोळे मिटून ठेवू नये.

५. तसेच्या तसे उतरणारे

काही वाक्प्रचार मात्र दोन्ही भाषांत जवळपास सारखेच असतात. 'आउट ऑफ द फ्राइंग पॅन इंटू द फायर' म्हणजे 'आगीतून फुफाट्यात'. 'मेक अ माउंटन आउट ऑफ अ मोलहिल' म्हणजे 'राईचा पर्वत करणे'. 'क्रोकोडाइल टिअर्स' म्हणजे 'नक्राश्रू'. नक्र म्हणजे मगर. 'स्टॉर्म इन अ टीकप' म्हणजे 'पेल्यातले वादळ'.

यांच्यामुळेच आपण फसतो. चार ठिकाणी शब्दशः भाषांतर जमले की पाचव्या ठिकाणीही जमेल असे वाटते आणि मग 'वुड्स'चे जंगल होते. छत्तीसगढीत एक हाना आहे, 'अड़हा बइद परान घात'. अडाणी वैद्य जीव घेतो. अर्धवट वाक्प्रचारांचेही तसेच आहे.

६. कुठे वापरू नयेत

आता सर्वांत महत्त्वाचे.

पहिली जागा, आदराची. १० डिसेंबर १८५७ रोजी सोनाखानचे वीर नारायण सिंह यांना इंग्रजांनी रायपुरात फाशी दिली. दुष्काळात उपाशी प्रजेसाठी व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार उघडणारे ते जमीनदार. त्यांच्यावर वर्गात इंग्रजी निबंध लिहायचा होता. माझ्या एका मित्राने शेवटी लिहिले, 'ही किक्ड द बकेट'. यादीत त्याचा अर्थ 'मरणे' असाच दिलेला होता, म्हणून त्याला वाटले आपण बरोबर आहोत. पण तो थट्टेचा वाक्प्रचार आहे. मराठीत एखाद्या हुतात्म्याविषयी 'आटोपला' लिहावे, तसे ते झाले. योग्य शब्द होते 'ही लेड डाउन हिज लाइफ', प्राण अर्पण केले. मराठीत मरणाला किती शब्द आहेत बघा : वारले, निधन पावले, कामी आले, धारातीर्थी पडले, राम म्हटला, खपला. अर्थ एकच, पण प्रत्येकाची जागा वेगळी. म्हणून वहीत वाक्प्रचाराच्या अर्थापुढे तो कोणाविषयी आणि कोणासमोर वापरायचा हेही लिहून ठेवा.

दुसरी जागा, कामाचा निरोप. कोरियाच्या युद्धात एप्रिल १९५१ मध्ये इमजिन नदीवर ब्रिटिशांची २९ वी ब्रिगेड चिनी सैन्याच्या मोठ्या हल्ल्याला तोंड देत होती. त्यातली ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची पलटण एका टेकडीवर वेढली गेली. ब्रिटिश ब्रिगेडियर ब्रॉडी यांनी अमेरिकन वरिष्ठांना परिस्थिती सांगितली आणि 'स्टिकी' हा शब्द वापरला. स्टिकी म्हणजे चिकट. ब्रिटिश अधिकाऱ्याच्या तोंडी त्याचा अर्थ 'फार बिकट' असा होता, कारण मोठे संकट कमी करून बोलायची त्यांची रीत. अमेरिकन जनरलना वाटले, जरा अडचण आहे, पण पलटण टिकून आहे. त्या पलटणीची सुटका झाली नाही. तिचे पाचशेहून अधिक सैनिक युद्धकैदी झाले. फक्त त्या एका शब्दामुळे हे झाले असे म्हणता येणार नाही, शत्रूचे बळच फार मोठे होते. पण दोघांची भाषा इंग्रजी असूनही एकाने सांगितलेले दुसऱ्याला कळले नाही, एवढे खरे. याच युद्धात आपली ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स जखमींची सेवा करत होती, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

म्हणूनच वायरलेसवर बोलण्याची भाषा इतकी कोरडी ठेवलेली असते. 'रॉजर' म्हणजे निरोप मिळाला. 'विल्को' म्हणजे मिळाला आणि तसे करतो. 'ओव्हर' म्हणजे माझे संपले, आता तुम्ही बोला. 'आउट' म्हणजे बोलणे संपले. सिनेमात 'ओव्हर अँड आउट' म्हणतात, ते चूक आहे. 'तुम्ही बोला' आणि 'बोलणे संपले' हे एकाच वेळी कसे होईल? प्रत्येक शब्दाला एकच अर्थ. तेथे कोणी भाषेचे सौंदर्य दाखवत नाही, कारण पलीकडे कोणाचा तरी जीव असतो.

माझ्या निरोपापलीकडेही माझे आई-बाबा होते. मला इंग्रजी दाखवायची होती. त्यांना फक्त पोरगा बरा आहे एवढेच हवे होते.

बाबा त्या दिवशी दुपारच्या गाडीने परत गेले. रोवणी एक दिवस लांबली. उपटलेले पऱ्हे काही सुकले, रोवणीच्या बाया दुसऱ्याच्या बांधीत गेल्या, त्यांना पुन्हा विचारावे लागले. बाबा मला एका शब्दानेही रागावले नाहीत. स्टेशनला जायला रिक्षात बसताना एवढेच म्हणाले, "इंग्रजी शीक, खूप शीक. पण मले सांगताना आपल्या बोलीत सांगत जा."

आता मी घरी निरोप पाठवतो तो मराठीत. 'ताप आला होता. गेला. जेवतो आहे.' वाक्प्रचार निबंधासाठी आणि मित्रांशी गप्पांसाठी ठेवले आहेत. माझी बहीण आता नववीत आहे. तिलाही मी वाक्प्रचार शिकवतो, पण उगमासकट.

सराव

पुढील इंग्रजी वाक्प्रचारांना मराठीत काय म्हणाल? आधी स्वतः प्रयत्न करा. दिवाळीच्या सुट्टीत घरीही विचारून बघा. आजी-आजोबांना इंग्रजी येत नसले तरी अर्थ सांगितला की ते तुमच्यापेक्षा चांगला मराठी वाक्प्रचार सांगतील.

१) वन्स इन अ ब्लू मून : फार क्वचित.
२) बर्न द मिडनाइट ऑइल : रात्री जागून अभ्यास किंवा काम करणे.
३) अ ब्लेसिंग इन डिस्गाइज : संकट वाटले, पण त्यातून भलेच झाले.
४) टु मेक मॅटर्स वर्स : आधीच अडचण, त्यात आणखी भर.
५) बीट अबाउट द बुश : मुद्द्यावर न येता इकडचे तिकडचे बोलणे.

उत्तरे : १) कपिलाषष्ठीचा योग. २) रात्रीचा दिवस करणे. ३) इष्टापत्ती. ४) दुष्काळात तेरावा महिना. ५) आढेवेढे घेणे.

यांपेक्षा चांगले उत्तर सापडले तर मराठी पानाच्या पेटीत चिठ्ठी टाका. पुढच्या अंकात ती उत्तरे छापू.